एक्केचाळीस रुपयांचा गळा

लातुरात गोलाईच्या कापडबाजारात गुरम्माच्या अंगठ्याला फार मान होता. म्हणजे तो मान गुरम्मा स्वतःच देत असे, पण इतकी वर्षं आणि इतक्या चढ्या आवाजात, की शेवटी बाजारानंही तो मुकाट्यानं देऊन टाकला होता. कापड समोर आलं की ती डोळे मिटायची, त्याची कड अंगठा आणि तर्जनीत धरायची, एकदाच चोळायची आणि निकाल द्यायची. "भेसळ हाय!" किंवा, "नुस्ती खळ हाय, धुतलं की मासळीचं जाळं!" किंवा मग, वर्षातून एखाद्या वेळी, "ठीक हाय." हे 'ठीक हाय' ऐकायला मिळालेला व्यापारी घरी जाऊन पेढे वाटायचा म्हणे.

शाळा तिनं दुसरीपर्यंत पाहिली होती, तीसुद्धा जास्त करून बाहेरून. सही करायला बसली की शेवटच्या 'म्मा'पर्यंत पोचेस्तोवर समोरच्याचा चहा गार व्हायचा. पण त्याचं तिला काही वाटत नसे. "शिकलेल्यांनी कागद वाचावा," ती म्हणायची, "मी कापड वाचते. कागद खोटं बोलतो, कापड बोलत न्हाई."

दुकान तिच्या नवऱ्यानं, वीरभद्रप्पांनी, उभं केलेलं. ते गेल्यावर गुरम्मा गादीवर बसली ती उठलीच नाही. दुकानात धोतरं, लुगडी, पंचे, खण, टॉवेल. शिवलेला कपडा एक नाही! शिवलेला कपडा विकणं म्हणजे हाटेलातली भाकरी घरच्या ताटात वाढणं, असं तिचं मत. बिनशिवल्या कापडात तिची उभी हयात गेली होती. धोतराला बाही नसते, लुगड्याला गळा नसतो, पंच्याला साइज नसते. ज्याला हवं त्यानं हवं तसं गुंडाळावं! पुढचं सगळं रामायण घडलं ते यामुळंच, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गुरम्माच्या तर नाहीच.

अडचण एवढीच होती की धोतर नेसणारे एकेक करून वर जात होते आणि त्यांच्या जागी धोतर नेसणारे नवे येत नव्हते. भूकंपाला दहा वर्षं होत आली होती आणि गावाला आता वेगळाच धक्का बसला होता. शिकवण्यांचा! जिथं बघावं तिथं क्लास. तळघरात क्लास, गच्चीवर क्लास, गोठ्याच्या जागी क्लास. परभणीची, बिलोलीची, उदगीरची पोरं पेट्या घेऊन उतरत होती, डॉक्टर व्हायला. त्यांच्या मागोमाग मेसवाले आले, होस्टेलवाले आले, झेरॉक्सवाले आले. धोतरवालं मात्र कुणी आलं नाही.

"आई, दुकान भाड्यानं देऊ," असं गुरम्माचा मुलगा शिवप्रसाद गेलं वर्षभर म्हणत होता. "झेरॉक्सवाला तयार हाय. महिन्याला घरबसल्या पैसे."

"तुझ्या बापाच्या गादीवर मशीन बसवतोस?" गुरम्मा म्हणायची. "मग मला पण एका कोपऱ्यात ठेव, माझीबी झेरॉक्स काढ!"

सून अंजू बी.कॉम. झालेली, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाला कमी कळतं असा गुरम्माचा समज होता. या अंजूनं एका दुपारी जेवताना हळूच सांगितलं, "आत्याबाई, रेणुकादास सरांच्या क्लासचा वर्धापनदिन हाय. तीनशे पोरं दौड काढणार. त्यांना पांढरे टी-शर्ट पाहिजेत. कोरे घेऊन आपणच छापून द्यायचे. मी सरांना शब्द देऊन आले. माल आवडला तर दर वर्षी पंधराशे टी-शर्टांची ऑर्डर आपलीच."

शिवप्रसादनं भाकरीचा घास खाली ठेवला. "हे नीट झालं तर दुकान राहील," तो म्हणाला. "न्हाई झालं तर एक तारखेला झेरॉक्सवाला. बघा."

गुरम्मानं टी-शर्ट हा शब्द ऐकून नाक मुरडलं. टी-शर्टाशी तिची जुनी ओळख होती आणि ती चांगली नव्हती. भूकंपाच्या वेळी शहरांतून ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले, त्यात गठ्ठेच्या गठ्ठे टी-शर्ट. घर गेलेल्या, माणसं गेलेल्या म्हाताऱ्या लुगड्यावर मोटारसायकलीचं चित्र असलेले टी-शर्ट घालून पत्र्याच्या शेडपुढं बसलेल्या तिनं पाहिल्या. त्या दिवशी ती परत आली, दुकान उघडलं आणि लुगड्यांचे, धोतरांचे गठ्ठे टेम्पोत टाकून पाठवून दिले. मोजले नाहीत. महिनाभर तिनं 'भाव' हा शब्द तोंडातून काढला नाही. बाजार अजून त्याची आठवण काढायचा, आणि बाजार विसरला तर गुरम्मा आठवण करून द्यायची.

पण प्रश्न गादीचा होता. तिनं ताटात हात धुतला आणि जाहीर केलं, "ठीक हाय. टी-शर्ट तर टी-शर्ट. पण व्यवहार मी करणार. मधी कुणी तोंड घालायचं न्हाई!"



तीन दिवसांनी सोलापूरचा ठोक व्यापारी सिद्धलिंग नमुना घेऊन आला. कपाळाला विभूती, काखेत चामड्याची पिशवी आणि हातात एक जाडजूड वही. बैलासारखा शांत माणूस. तामिळनाडूतल्या तिरुपूरहून टी-शर्ट शिवून आणून विकायचा त्याचा धंदा. त्यानं पिशवीतून एक पांढराशुभ्र टी-शर्ट काढून गादीवर पसरला.

अंजूनं विचारलं, "कापडाचं वजन किती? जीएसएम?"

"एकशेऐंशी," सिद्धलिंग म्हणाला.

"थांब ग!" गुरम्मा म्हणाली. "तराजू माझ्या हाताला हाय." तिनं डोळे मिटले. कड धरली. चोळली. समोरच्या पानवाल्यानंसुद्धा कातरणं थांबवलं. गुरम्मानं डोळे उघडले.

"ठीक हाय."

सिद्धलिंगच्या चेहऱ्यावर पंचवीस वर्षांच्या धंद्याचं चीज झाल्याचा भाव आला. गुरम्मानं तो लगेच पुसून टाकला. "एष्टु?" तिनं कानडीत विचारलं. माहेर उदगीरचं, त्यामुळं 'किती' हा प्रश्न ती कानडीतच टाकायची. कानडीत विचारलं की समोरचा आपला समजून दोन रुपये उतरतो, हा अनुभव.

"अठ्ठावन्न, अम्मा. तीनशे पीसला. बाजारात कुणी देणार न्हाई."

"अठ्ठावन्न! ह्याला बघितलं तर ह्यात कापड तरी हाय का? माझा पंचा ह्याच्यापेक्षा मोठा हाय!" गुरम्मानं टी-शर्ट उलटा केला, सुलटा केला, कोंबडी विकत घेताना बघतात तसा उचलून बघितला. "हे गळ्याला काय गुंडाळलंय?"

"रिब हाय अम्मा. ताणणारी पट्टी."

"गळा कशाला ताणायला पाहिजे? पोरांचं डोकं काय कमी-जास्त होतं का दिवसात? काढ ती! किती कमी होतात?"

सिद्धलिंगनं डोकं खाजवलं. "चार रुपये. पण अम्मा, पट्टी न्हाई म्हटल्यावर गळा लहान कापावा लागतो, न्हाई तर खांद्यावरनं उतरतो. मग डोकं..."

"डोक्याचं मी बघते! चौपन्न. ही खांद्याला आतनं कसली फीत?"

"टेप. शिवण उसवू नये म्हणून."

"पोरं काय गोण्या वाहणार हायत? काढ!"

"दोन रुपये."

"बावन्न. खाली हे दोन-दोन टाके कशाला मारलेत? एकानं काय बिघडतंय?"

"आत्याबाई..." अंजू म्हणाली.

"मधी बोलायचं न्हाई ठरलंय! एकच टाका. किती?"

"तीन." सिद्धलिंग आता वहीत लिहून घेत होता. त्याच्या चेहऱ्यावर ना राग ना हसू. देवळात नवस लिहून घेणारा पुजारी जसा.

"एकोणपन्नास. लांबी दोन बोटं कमी कर. पोरं काय पाटावर बसून जेवणार हायत त्यात? किती?"

"तीन."

"शेहेचाळीस. आणि हे लहान-मोठं साइज वेगवेगळं कशाला? माझ्या दुकानात धोतर एकाच मापाचं. बारीक माणूसबी नेसतो, जाड माणूसबी नेसतो. एकच साइज कर सगळ्याला! किती?"

"तीन," सिद्धलिंग म्हणाला. मग पेन वर धरून, "अम्मा, माझा एक नियम हाय. जसा दाम, तसा माल. तुम्ही काढा म्हणाल ते मी काढतो. पण मग मागून..."

"मागून गुरम्मा कुणाला बोलली हाय का कधी? त्रेचाळीस झाले. आता दोन माझ्या तोंडाकडं बघून!"

सिद्धलिंगनं खरंच तिच्या तोंडाकडं बघितलं. "दोन तोंडाचे," तो म्हणाला आणि वहीत लिहिलं, "एक्केचाळीस."

गुरम्मानं विजयानं गादीवर थाप मारली. अठ्ठावन्नचे एक्केचाळीस! सतरा रुपये! तिनं शिवप्रसादला हाक मारून सांगितलं, पानवाल्याला सांगितलं, रस्त्यानं जाणाऱ्या दोघा अनोळखी माणसांनाही थांबवून सांगितलं. अंजूनं फक्त एवढंच म्हटलं, "आत्याबाई, सगळं शिवायच्या आधी एक पीस तयार करून मागवू. घालून बघू."

"एका पीसासाठी तिरुपूरला? मग लग्नाच्या आधी पोरगंबी एक नमुना मागवून बघायचं!" आणि पायऱ्या उतरणाऱ्या सिद्धलिंगला तिनं मागून आवाज दिला, "आणि ऐक! आमची सून शिकलेली हाय, फोन करील. ऐकू नको तिचं! शब्द माझा!"

"तुमचा शब्द, अम्मा," सिद्धलिंगनं कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

माल आला तो वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, दुपारी. गाडी उशिरा, हमाल उशिरा, सगळंच उशिरा. पाच गठ्ठे थेट भुजंगच्या छापखान्यात उतरले. भुजंग कापडावर छपाई करायचा. लग्नाच्या पिशव्या, निवडणुकीच्या टोप्या, काय म्हणाल ते. त्याच्या लांब टेबलावर टी-शर्ट सपाट पसरले गेले आणि त्यांच्यावर निळ्या शाईत सरांचं घोषवाक्य उमटत गेलं: 'मेहनत आमची, यश लातूरचं!' सपाट पसरलेले टी-शर्ट दिसायला फार देखणे दिसत होते. एखादं स्थळ फोटोत दिसतं तसे.

अंजूनं एक उचलला. गळा बघून तिचा चेहरा उतरला. "आत्याबाई, एक घालून बघते. नुस्तं अंगाला लावून..."

गुरम्मानं तो तिच्या हातातून ओढून घेतला. "शाणी हायस का! गिऱ्हाइकाचा नवा माल घरच्यानं अंगाला लावला की तो उष्टा होतो. तीस वर्षांत या घरात कुणी गिऱ्हाइकाच्या आधी धोतर कमरेला लावून बघितलं न्हाई. उष्टा माल द्यायचा का सरांना?" मग तिनं पाचही गठ्ठ्यांना विभूती लावली, हात जोडले आणि बांधायला सांगितलं.

भुजंग शाईचे हात पुसत म्हणाला, "अम्मा, माल फक्कड दिसतोय. गळा जरा..."

"तुला छापायला सांगितलंय का मोजायला?"

भुजंगनं गळ्याचा विषय आपल्याच गळ्यात गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर तीनशे पोरंपोरी रांगेत उभी होती. मांडव होता, मंच होता, दोन मोठे कर्णे होते. दौडीच्या आधी टी-शर्ट वाटायचे, ते घालून पोरं मंचासमोर उभी राहणार, मग पाहुणे झेंडी दाखवणार. पाहुणे म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, अख्ख्या जिल्ह्यात वक्तशीर म्हणून भीतीदायक असलेले. गुरम्माला पुढच्या रांगेत खुर्ची होती. नवी इरकल, कपाळाला विभूती, आणि शेजारच्या बाईला पहिल्या मिनिटात माहिती, "अठ्ठावन्नचे एक्केचाळीस केले मी!"

पहिला टी-शर्ट क्लासच्या हुशार मुलाला, मिहिरला. रेणुकादास सरांनी स्वतः दिला. टाळ्या. मिहिरनं हात घातले, डोकं घातलं आणि थांबला. वरून फक्त केस दिसत होते. त्यानं जोर लावला. कपाळ आलं. आणखी जोर लावला. भुवया आल्या. तिथं गळा रुतला तो रुतलाच.

"ओढ की!" गुरम्मा खुर्चीतून ओरडली. "खाल्लं न्हाईस का सकाळी?"

दोघांनी खाली ओढलं, दोघांनी डोकं वर धरलं. मिहिरच्या तोंडून, म्हणजे टी-शर्टाच्या आतून, "कान! कान!" असा आवाज येऊ लागला. तोवर मागं वाटप सुरूच होतं. दोन मिनिटांत मैदानावर तीनशे बिनचेहऱ्याची माणसं, हात वर करून, एकमेकांवर आपटत फिरत होती. शेतातली बुजगावणी सगळी एकदम चालायला लागावीत तसं! देविका नावाच्या एका बारक्या मुलीचं डोकं कसंबसं पलीकडं निघालं, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून बाकीच्यांनी प्रयत्न सोडून दिला.

"काय हे?" रेणुकादास सर धावत आले. "हे टी-शर्ट आहेत की उशांचे अभ्रे?"

गुरम्मा उठून उभी राहिली. मनाला काहीतरी उमगलं होतं, पण तोंडाला अजून त्याचा निरोप पोचला नव्हता. "सर, माल ठीक हाय. तुमच्या पोरांचीच डोकी मोठी! रात्रंदिवस अभ्यास, अभ्यास! डोकं सुजणार न्हाई तर काय होणार?"

सरांना ते क्षणभर पटल्यासारखं वाटलं. आपल्या क्लासमुळं डोकी मोठी होतात, हा मुद्दा काही अगदीच टाकाऊ नव्हता. "मी घालून दाखवतो," ते म्हणाले. "बघा रे मुलांनो, युक्तीनं घालायचा असतो!" सरांना केस नव्हते, त्यामुळं गळा सुरुवातीला सरकन् खाली आला. चष्म्यापर्यंत. मग चष्मा आत अडकला आणि गळा चष्म्यावर अडकला. नेमकी तेवढ्यात फाटकातून पाहुण्यांची गाडी आत आली. ठरल्या वेळेच्या ठोक्याला!

"हार! हार कुठंय?" सर आतून ओरडले. कुणीतरी त्यांच्या हातात हार दिला. सर पावलांच्या आवाजाच्या दिशेनं मोठ्या आदरानं पुढं झाले, वाकले आणि समोरच्या माणसाच्या गळ्यात हार घातला. समोर भुजंग उभा होता. त्याला लग्नातसुद्धा एवढा मोठा हार पडला नव्हता. तो हात जोडून म्हणाला, "आभारी हाय, सर."

मागं पाहुणे घड्याळाकडं बघत उभे होते.

"कात्री आणा!" गुरम्मा कडाडली. अजून काही बिघडलं नाही असं तिच्या आवाजानं ठरवलं होतं. कात्री आली. अंजूनं मिहिरचा गळा थोडा कापला. चेहरा बाहेर आला, लाल टमाट्यासारखा. पोरं हुश्श म्हणाली. मिहिरनं मोठ्ठा श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर खांद्याची शिवण चर्रर्र करून उसवली. बाही हातात आली. ती काढायला तो वाकला तर खालचा टाका सुटला आणि दोरा पायाशी लोंबायला लागला. वरून एकच साइज! वजनदार पोरांना शर्ट छातीपर्यंत, काटकुळ्यांना नुसता गुंडाळलेला.

अंजू खाली मान घालून एकेक उसवलेली बाही गोळा करत होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर गुरम्माला तिच्यावर खेकसता तरी आलं असतं.

सरांचं डोकं एकदाचं मोकळं झालं. कानांवर लाल वळ उठलेले. एक कान चष्म्याच्या दांडीनं सोलला होता. पाहुण्यांसमोर, तीनशे पोरांसमोर, आईबापांसमोर त्यांनी विचारलं, "ही ऑर्डर ठरवली कुणी? हा गळा कुणी ठरवला?"

शिवप्रसाद मांडवाच्या खांबामागं गेला. गुरम्मा खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होती.

"मी, सर," अंजू म्हणाली. "चूक माझी. शब्द मी दिला होता."

आणि गुरम्माला क्षणभर बरं वाटलं! सुटले, असं वाटलं! लगेच त्या बरं वाटण्याचीच अशी लाज वाटली की डोक्यापासून पायापर्यंत ती गरम झाली. आजवर बाजारात तिनं दुसऱ्याचं श्रेय घेतलं असेल, पण आपलं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकून उभी राहिली नव्हती. आणि ही पोर, जिला इतके दिवस 'मधी बोलू नकोस' म्हणून दाबलं, तीच आज मधे उभी होती. एकटी. लातुरात भूकंपानंतर 'धरणी पोटात घेईल तर बरं' असं कुणी म्हणत नाही. धरणी ऐकते, हे लोकांनी बघितलंय. म्हणून गुरम्मा तसं म्हणाली नाही. तिनं दुसरा मार्ग काढला. दोष सोलापूरला पाठवायचा!

"सिद्धलिंगनं फसवलं!" ती म्हणाली. "लावा त्याला फोन! आत्ता लावा!"

सरांनी खिशातला मोबाइल काढून अंजूकडं दिला, अंजूनं नंबर लावून गुरम्माकडं दिला. गुरम्मा रागाच्या भरात मंचावर चढली होती, माइकच्या अगदी शेजारी. मोबाइल ती तव्यावरची भाकरी धरावी तसा हातभर लांब धरायची, कानाला लावला तर चटका बसेल अशा भीतीनं. तो बरोबर माइकच्या तोंडापाशी आला. सिद्धलिंगला दूरगावच्या फोनवर ओरडून बोलायची सवय. दोन्ही कर्ण्यांतून त्याचा आवाज मैदानभर घुमला.

"बोला अम्मा! माल पोचला का?"

"माल? हा माल हाय? डोकं जात न्हाई पोरांचं! फसवलंस मला!"

"अम्मा, वही समोर हाय," कर्णे म्हणाले. "वाचतो. रिब काढली, चार रुपये, अम्मांच्या सांगण्यावरून. डोकं जाणार न्हाई म्हणत होतो, अम्मा म्हणाल्या डोक्याचं मी बघते. टेप काढली, दोन. टाका एकच, तीन. लांबी कमी, तीन. एकच साइज, तीन. तोंडाचे दोन."

मैदानावर कुणीतरी फिस्सकन हसलं. गुरम्मानं फोन लांब नेला. कुठं नेऊ तिला कळेना, म्हणून दुसऱ्या बाजूनं माइकजवळ नेला.

"आणि अम्मा," कर्णे पुढं म्हणाले, "दुसऱ्या दिवशी तुमच्या सूनबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, गळा तेवढा नमुन्यासारखा ठेवा, चार रुपये पीसमागं मी माझ्याकडचे देते, आत्याबाईंना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. लई विनवलं. पण तुम्ही बजावलं होतं ना, सून फोन करील, ऐकू नको! म्हणून ऐकलं न्हाई. तुमचा शब्द, अम्मा!"

कर्णे बंद झाले. तीनशे पोरं मंचाकडं बघत होती. काही जण टी-शर्टाच्या गळ्यातून एका डोळ्यानं बघत होते.

गुरम्मानं खाली अंजूकडं बघितलं. अंजूच्या दोन्ही हातात उसवलेल्या बाह्या होत्या आणि ती सासूकडं बघत नव्हती. सासूची लाज आपण बघू नये म्हणून बघत नव्हती, हे गुरम्माला कळलं. आणि ते कळणं सगळ्यांत वाईट होतं.

तिनं घसा साफ केला. तो आवाजही कर्ण्यांतून गेला.

"लेकरांनो," ती म्हणाली, "तुमची डोकी बरोबर हायत." "सर, गळा मी ठरवला. सुनेनं न्हाई. मी आयुष्यभर धोतर विकलं. धोतरात डोकं घालायचं नसतं. मला वाटलं... मला वाटलं मला सगळं कळतं." आणखी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "कापड मात्र चांगलं हाय." आणि आपण हे का बोललो, असं वाटून खाली उतरली.

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. दौड निघायलाच हवी होती. मग सरांनी हुकूम दिला की टी-शर्ट खांद्यावर टाका आणि पळा. झेंडी हलली. तीनशे पोरं पांढरं कापड खांद्यावर टाकून गावातनं धावत सुटली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अख्खं गाव घाईघाईनं नदीवर अंघोळीला निघालंय. भुजंग हार घालून सगळ्यांत पुढं.

पैसे सरांनी दिले नाहीत, आणि गुरम्मानं मागितले नाहीत. त्या दुपारी तिनं हातातल्या दोन पाटल्या काढून अंजूसमोर ठेवल्या. "नव्या तीनशेंची ऑर्डर दे. अठ्ठावन्नला दे. साठला म्हणाला तर साठला दे. आणि मला तिथं बसू देऊ नकोस."

"आत्याबाई, पाटल्या ठेवा. सिद्धलिंगअण्णा उधारीवर देणार हायत. सकाळीच बोलणं झालंय."

"कुणाच्या शब्दावर?"

अंजूनं खाली बघत हिशेबाची वही पुढं ओढली. शब्द सुनेचा होता, हे गुरम्माला समजलं. तिनं पाटल्या पुन्हा हातात घातल्या. त्या काढताना निघाल्या होत्या तितक्या सहज आत गेल्या नाहीत.

सरांनी नवे टी-शर्ट घेतले, एक स्वतः घालून आणि काढून बघितल्यावरच. पंधराशेची ऑर्डर 'पुढच्या वर्षी बघू' वर गेली. शिवप्रसादनं अर्धं दुकान झेरॉक्सवाल्याला दिलंच. अर्ध्यात अंजूचा रेडिमेड माल आला, साइजप्रमाणे रचलेला. मधे गुरम्माची गादी. पण आता तिच्या एका बाजूला मशीन घरघरायचं आणि दुसऱ्या बाजूला सून भाव सांगायची. पोरं नोट्स काढायला यायची आणि तिच्याकडं बघून एकमेकांना कोपरानं ढोसायची. आपल्याला ओळखलंय, हे तिला कळायचं. मग ती उगाच पंचे मोजायला घ्यायची.

ते तीनशे टी-शर्ट मागं खोलीत पडून होते. दिवाळीच्या आधी उदगीर रोडचा गॅरेजवाला शिवमूर्ती दुकानात आला.

"अम्मा, तुमच्याकडं पांढरं सुती फडकं हाय म्हणे? भुजंगकडनं एक नेलं होतं मशीन पुसायला. काय शोषतं हो तेल! शंभर-दीडशे द्या. काय भाव?"

गुरम्माचा अंगठा तर्जनीवर फिरला. तीस वर्षांचं सगळं बोलणं जिभेच्या टोकाला येऊन उभं राहिलं. तिनं ते गिळलं. मान खाली घातली आणि सुनेकडं बोट केलं. "तिला विचारा. भाव ती सांगते."

शिवमूर्ती चमकला. त्यानं गुरम्माला खालून वर बघितलं. "अम्मा, तब्येत बरी हाय ना?"

"तब्येत बरी हाय बाबा," गुरम्मा म्हणाली. "अक्कल आली हाय. ह्या वयात आली की जरा अंग दुखतं."